समुद्राच्या पोटातला स्फोट आणि जमिनीवर उमटलेले १३५ सेकंद

विहिरीत पोहायला शिकलेल्या पोरांचा एक जुना खेळ आहे. एकाने बुडी मारून थांबायचं आणि दुसऱ्याने विहिरीच्या पलीकडच्या कडेला, पाण्याखाली, दोन दगड एकमेकांवर आपटायचे. डोकं पाण्याबाहेर असेल तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. डोकं आत असेल तर तो टक्क आवाज थेट कवटीत वाजल्यासारखा येतो, पण कुठल्या बाजूने आला हे काही केल्या सांगता येत नाही. पाण्याखालच्या स्फोटांचं निम्मं विज्ञान या खेळातच आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५००. तो दोन्ही कानांवर जवळपास एकाच क्षणी पोचतो, म्हणून मेंदूला दिशा ठरवता येत नाही. आणि पाणी सहजासहजी दबत नाही, म्हणून ठोक्याचा जोर वाटेत फारसा गिळला जात नाही.

आता दगडांच्या जागी स्फोटकं ठेवून बघू.

नदीत किंवा खाडीत जिलेटीनच्या कांड्या टाकून मासे मारण्याचे प्रकार आपल्याकडे होत आले आहेत. १८९७ सालच्या फिशरीज अ‍ॅक्टपासून तो गुन्हा आहे, तरीही होत आले आहेत. अशा वेळी वर तरंगून आलेला मासा हातात घेतला तर बाहेरून बऱ्याचदा धडधाकट दिसतो. कापल्यावर कळतं की पोटातली हवेची पिशवी फुटली आहे. माशाचं मांस म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे दाबाची लाट त्यातून आरपार निघून जाते. जिथे पाणी संपून हवा सुरू होते तिथे ती घात करते. माणसाच्या बाबतीतही हेच आहे. पाण्यात असलेल्या माणसाजवळ स्फोट झाला तर हातपाय शाबूत राहतात आणि फुफ्फुसं, आतडी, कान फाटतात.

ही लाट किती जोराची असते? एक किलो टीएनटी मोकळ्या हवेत फोडलं तर दहा मीटरवर उभ्या माणसाला नेहमीच्या हवेच्या दाबाच्या एक दशांशाच्या आसपास जादा दाब जाणवेल. तेच एक किलो पाण्यात फोडलं तर दहा मीटरवर हा दाब जवळपास चाळीस वातावरणांइतका भरतो. चारशे पटींचा फरक. स्फोटक तेच, अंतर तेच, फक्त माध्यम बदललं. हवा दबते, तापते आणि स्फोटाची ताकद स्वतःच खाऊन टाकते. पाणी ती पुढच्या पाण्याच्या हवाली करतं.

स्फोटकाचा घन पदार्थ निमिषार्धात प्रचंड तापलेला आणि दाबलेला वायू होतो. तो आजूबाजूच्या पाण्याला जो पहिला धक्का देतो, तीच शॉकवेव्ह, म्हणजे आघात तरंग. सुरुवातीला ती ध्वनीपेक्षाही वेगाने धावते. थोडं अंतर गेल्यावर तिची धार बोथट होते आणि पुढे ती साधी ध्वनिलहर बनून सेकंदाला दीड किलोमीटरच्या चालीने जात राहते. स्फोटाची साधारण अर्धी ऊर्जा या पहिल्या धक्क्यात जाते.

उरलेली अर्धी बुडबुड्यात असते, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हा बुडबुडाच आहे.

गरम वायूचा गोळा फुगू लागतो आणि सगळ्या बाजूंचं पाणी मागे रेटतो. काही वेळाने आतला दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतका होतो. इथे फुगणं थांबायला हवं, पण थांबत नाही. नागपंचमीचा झोका मधल्या जागी येऊन थांबतो का? वेगात असल्यामुळे तो पुढे जातोच. तसंच, बाहेरच्या दिशेने निघालेलं शेकडो टन पाणी एकदम थांबू शकत नाही. ते पुढे जात राहतं आणि बुडबुडा गरजेपेक्षा कितीतरी मोठा होतो, इतका की आतला दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी पडतो. मग पाणी उलट फिरतं, चहूबाजूंनी आत धावतं आणि वायूला पुन्हा चेपून टाकतं. चेपलेला वायू पुन्हा उसळतो आणि पाण्याला दुसरा धक्का देतो. मग तिसरा. लोहाराच्या भात्यासारखा तो फुगतो, मिटतो, पुन्हा फुगतो, आणि दर खेपेला थोडी ऊर्जा गमावत वर सरकत जातो. स्फोट उथळ पाण्यात असेल तर तो पहिल्याच फुगवट्यात पृष्ठभाग फोडून बाहेर पडतो आणि हा खेळ तिथेच संपतो. युद्धनौकेखाली स्फोट झाला की तिचा कणा मोडतो, त्यातही या बुडबुड्याचा मोठा वाटा असतो. आघात तरंग पत्रा फाडते. बुडबुडा अख्खं जहाज मधोमध उचलतो आणि मग त्याच्याखालचा आधार काढून घेतो.

एका खेपेला किती वेळ लागेल हे दोनच गोष्टींवर ठरतं: स्फोटकाचं वजन आणि पाण्याची खोली. वजन आठपट केलं की वेळ दुप्पट होतो, कारण तो वजनाच्या घनमूळाप्रमाणे वाढतो. खोली वाढली की दाब वाढतो, पाणी जोरात परत येतं आणि वेळ कमी होतो. म्हणजे हा वेळ कुणी मोजला आणि खोली माहीत असली, तर किती स्फोटक फुटलं ते घरबसल्या काढता येतं. स्फोटाच्या जागी जायची गरज नाही.

१२ ऑगस्ट २००० या दिवशी नेमकं हेच करायची वेळ आली.

त्या शनिवारी बॅरेंट्स समुद्रात रशियाच्या उत्तर आरमाराचा सराव चालू होता. त्यात कुर्स्क ही अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी होती. लांबी १५४ मीटर, आत ११८ माणसं. ती बुडाली तिथे समुद्र १०८ मीटर खोल होता, म्हणजे पाणबुडी उभी धरली असती तर तिचं एक टोक पाण्याच्या वर राहिलं असतं. सकाळी मॉस्कोच्या घड्याळात ११ वाजून २८ मिनिटांनी एक धक्का बसला आणि १३५ सेकंदांनी दुसरा. जगाला या दुर्घटनेची बातमी सोमवारी, १४ तारखेला मिळाली. जमिनीला ती मिनिटभरातच मिळाली होती.

उत्तर नॉर्वेत करास्योकजवळ, कुर्स्कपासून साधारण पावणेपाचशे किलोमीटरवर, भूकंपमापकांचा एक संच आहे. तीन किलोमीटर रुंद जागेत वर्तुळांमध्ये मांडलेली २५ ठिकाणं. एकच उपकरण असेल तर जमीन हलली एवढंच कळतं. अनेक उपकरणं पसरून ठेवली की लहर आधी कुणाला आणि नंतर कुणाला भेटली यावरून ती कुठून आली तेही कळतं. दोन कानांचं काम पंचवीस कान करतात. नॉर्वेची नॉरसार ही संस्था हा संच चालवते आणि तिच्या आलेखावर दोन नोंदी होत्या. पहिली अगदी बारीक, १.५ प्रतीची (प्रत म्हणजे मॅग्निट्यूड). दुसरी ३.५ ची, आणि काही अभ्यासकांच्या मोजणीत ४ च्याही वर. प्रतीची एक पायरी म्हणजे कंपनाच्या उंचीत दहापट वाढ, तेव्हा दोन पायऱ्या म्हणजे शंभरपट. पहिली नोंद एकटी असती तर कदाचित कुणाचं लक्षही गेलं नसतं. दुसरीमुळे लोकांनी मागे जाऊन शोधलं आणि ती सापडली.

पाण्यातला धक्का जमिनीपर्यंत येतो कसा? पाणी फक्त दाबाच्या लहरी वाहून नेऊ शकतं, म्हणजे पुढच्या थराला ढकलत जाणाऱ्या. आडव्या हलणाऱ्या लहरी त्यातून जात नाहीत, कारण पाणी सरकवलं की सरकतं, ताणून परत येत नाही. दाबाची लहर समुद्रतळावर आदळली की खडकात शिरते आणि तिथे तिच्यातून दोन्ही प्रकार तयार होतात: वेगाने धावणाऱ्या दाबाच्या लहरी, ज्यांना पी तरंग म्हणतात, आणि मागून येणाऱ्या आडव्या, म्हणजे एस तरंग. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे एस तरंग जोरदार असतात. पहिला हेलकावाही काही केंद्रांवर वर आणि काही केंद्रांवर खाली असा मिळतो. स्फोट सगळ्या दिशांना बाहेरच ढकलतो. त्यामुळे पहिला हेलकावा सगळीकडे वरच्या दिशेने असतो आणि पी तरंग एसच्या मानाने ठळक असतात. कुर्स्कची दुसरी नोंद सरळसरळ स्फोटाची होती.

आणखी एक गोष्ट. पाणी आणि समुद्रतळाचा खडक एकमेकांना चिकटून असतात, म्हणून पाण्यातला स्फोट जमिनीला मोठा धक्का देतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन या जहाजाचा स्फोट झाला, त्यावर सुमारे १४०० टन स्फोटकं होती. त्या हादऱ्याची नोंद सुमारे १४०० किलोमीटरवरच्या सिमल्यापर्यंत झाली. पण ते जहाज पाण्यावर होतं आणि त्या स्फोटाचा बराचसा जोर आकाशाकडे निघून गेला, घरांच्या छपरांवरून, गोदामांवरून, माणसांवरून. कुर्स्कचा स्फोट त्याच्या पासंगालाही पुरला नसता, तरीही तो युरोपभरच्या आणि त्याहून दूरच्या केंद्रांवर उमटला.

तो नेमका केवढा होता? इथे बुडबुडा कामी आला.

अशा एकाच स्फोटाचा पहिला धक्का आणि त्याच्याच बुडबुड्याचा दुसरा धक्का यांच्यात सेकंदाहून कमी अंतर असतं. पाचशे किलोमीटरवर पोचेपर्यंत लहरी खडकांच्या थरांतून इतक्या वेळा परावर्तित होऊन एकमेकींत मिसळतात की हे अंतर डोळ्यांना दिसत नाही. पण त्या आलेखाचे वेगवेगळ्या कंपनसंख्यांमध्ये तुकडे केले तर दिसतं. झोक्याला योग्य क्षणी दुसरा धक्का दिला तर झोका वाढतो, चुकीच्या क्षणी दिला तर मंदावतो. तसंच ज्या कंपनांच्या तालात बुडबुड्याचा दुसरा धक्का बसतो ती उठून दिसतात आणि मधली दबतात. आलेखावर फणीच्या दातांसारखी, सारख्या अंतरावर उंच शिखरं येतात. दातांमधलं अंतर कळलं की बुडबुड्याचा ताल कळला.

कुर्स्कच्या नोंदींत हे अंतर सेकंदाला सुमारे १.४५ कंपनं एवढं निघालं. म्हणजे बुडबुड्याच्या एका खेपेला जवळपास ०.७ सेकंद. शंभर मीटर खोलीच्या हिशोबाने हा वेळ सूत्रात घातला की उत्तर येतं साधारण साडेचार टन टीएनटी. अभ्यासकांनी सगळ्या शक्यता धरून तीन ते सात टन म्हटलं. मोकळ्या पाण्यात एवढ्या स्फोटाचा बुडबुडा सुमारे २४ मीटर रुंद होतो, आठ मजली इमारतीएवढा. कुर्स्कची स्वतःची रुंदी १८ मीटरच्या आसपास होती.

या आकड्यांवर विश्वास ठेवता आला याला एक कारण होतं. नऊच महिने आधी, नोव्हेंबर १९९९ मध्ये, इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी मृत समुद्रात ७० मीटर खोलीवर मुद्दाम तीन स्फोट केले होते. अर्धा टन, दोन टन आणि पाच टन. हेतू होता भूकंपमापकांची पारख करण्याचा: माहीत असलेलं वजन, माहीत असलेली खोली, माहीत असलेली वेळ. पाच टनांच्या स्फोटाची प्रत ४ च्या जवळपास भरली आणि बुडबुड्याचा ताल आलेखावर स्वच्छ दिसला. तराजू आधीच पारखून ठेवलेला होता.

मॉस्कोत तेव्हा वेगळंच बोललं जात होतं. परदेशी पाणबुडीची धडक बसली असं सरकारी आणि आरमारी अधिकारी अनेक आठवडे सांगत राहिले. दुसऱ्या महायुद्धातला सुरुंग लागला असंही म्हटलं गेलं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त भिडतं ते हे की दोन्ही दावे तपासायला गुप्त कागद लागले नाहीत. दोन जहाजांची धडक झाली तर लोखंड वाकतं, पण फुगणारा-मिटणारा वायूचा गोळा तयार होत नाही. जुन्या सुरुंगात काही शे किलो स्फोटकं असतात, कित्येक टन नसतात. शिवाय दुसऱ्या स्फोटाची खोली समुद्रतळाशी जुळत होती. म्हणजे पहिल्या धक्क्यानंतर पाणबुडी खाली जात होती आणि दुसरा स्फोट ती तळाशी पोचताना झाला. दोन मिनिटं पंधरा सेकंद ही एखाद्या आगीला पाणतीरांच्या (टॉर्पेडोंच्या) स्फोटक शेंड्यांपर्यंत पोचायला पुरेशी वेळ आहे.

पहिली ठिणगी कशी पडली हे मात्र भूकंपलेख सांगू शकत नाही. त्यासाठी पाणबुडीच वर काढावी लागली. ऑक्टोबर २००१ मध्ये डच कंपन्यांनी ती उचलली आणि २००२ मध्ये रशियाच्या सरकारी तपासाने निष्कर्ष दिला: सरावासाठी भरलेल्या एका पाणतीरातून तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड गळलं. हे द्रव्य पाणतीराच्या इंधनाला प्राणवायू पुरवतं. तांब्या-पितळेसारख्या धातूला लागलं की ते भडकून वाफ आणि प्राणवायू होतं, आणि आकारमान हजारो पटींनी वाढतं. १६ जून १९५५ रोजी पोर्टलंड बंदरात सिडन या ब्रिटिश पाणबुडीवर अशाच पाणतीराने १३ जणांचा बळी घेतला होता आणि ब्रिटिश आरमाराने पाणतीरांत ते द्रव्य वापरणं सोडून दिलं. रशियाने ठेवलं. पेरॉक्साइड त्यात नसेल, तरी पाणबुडीच्या नाकात ठेवलेल्या दारूगोळ्याची भीती मुंबईनेही पाहिली आहे. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री नौदलाच्या गोदीत सिंधुरक्षक पाणबुडी स्फोटांनी फाटून जागच्या जागी बुडाली. १८ नौसैनिक आत होते.

कुर्स्क उथळ समुद्रात आणि भूकंपमापकांच्या जवळ होती. खुल्या महासागरात काय होतं? तिथे पाणी स्वतःच तार बनतं. वरून खाली जाताना पाणी गार होतं आणि ध्वनीची चाल मंदावते. आणखी खाली तापमान स्थिर होतं, पण दाब वाढत जातो आणि चाल पुन्हा वाढते. मध्ये, बऱ्याच महासागरांत हजार मीटरच्या आसपास, सर्वांत मंद चालीचा एक थर असतो. आवाज नेहमी मंद थराकडे वळतो, त्यामुळे या थरात शिरलेला आवाज वर निसटू पाहिला तरी वळून परत येतो आणि खाली निसटू पाहिला तरी परत येतो. पाटातल्या पाण्यासारखा तो त्याच मार्गाने वाहतो. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थजवळ समुद्रात सव्वाशे-दीडशे किलोच्या स्फोटकांचे धमाके केले गेले. सुमारे २०,००० किलोमीटरवर, जवळजवळ पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला बर्म्युडात, ते साडेतीन तासांहून अधिक वेळाने ऐकू आले.

आज या थरात अणुचाचणीबंदी कराराच्या संस्थेची जलश्रवण केंद्रं आहेत. हिंदी महासागरात दिएगो गार्सियाजवळही एक आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. ही केंद्रं चोरून केलेल्या अणुस्फोटांसाठी उभारली, पण १५ नोव्हेंबर २०१७ ला त्यांनी वेगळंच ऐकलं. अर्जेंटिनाची सान हुआन ही पाणबुडी ४४ जणांसह बेपत्ता झाली होती. सुमारे सहा हजार किलोमीटरवरच्या असेन्शन बेटापाशी आणि आठ हजार किलोमीटरवरच्या क्रोझे बेटांपाशी एक तुटक, तीव्र आवाज नोंदला गेला होता. मागे हिशोब करता तो त्याच दिवशी, ग्रिनिच वेळेनुसार दुपारी १ वाजून ५१ मिनिटांनी, पाणबुडीच्या मार्गावर कुठेतरी झाला होता. १ डिसेंबरला अर्जेंटिनाच्या नौदलाने त्या भागात पाण्यात एक बॉम्ब फोडला. मृत समुद्रातलीच युक्ती: ठाऊक असलेला आवाज करा, ठाऊक नसलेल्याशी ताडून बघा. वर्षभराने, नोव्हेंबर २०१८ मध्ये, पाणबुडी ९०७ मीटर खोलीवर सापडली.

तिथे बहुधा दारूगोळा फुटला नव्हता. खाली जाताना वाढत गेलेला पाण्याचा दाब कवच सोसू शकलं नाही आणि ते आत चेपलं. पण कानाला दोन्ही सारखेच वाटतात, कारण आतली हवा म्हणजे अखेर बुडबुडाच. पाणी चहूबाजूंनी आत धावतं, हवा चेपते, उसळते. स्फोटात हा प्रवास फुगण्यापासून सुरू होतो, कवच फुटताना मिटण्यापासून. २६ सप्टेंबर २०२२ ला बाल्टिक समुद्रात नॉर्ड स्ट्रीमच्या वायुवाहिन्या फुटल्या, तेव्हा भूकंपतज्ज्ञांना दुसऱ्याच दिवशी स्फोट म्हणता आलं, तेही याच ज्ञानाच्या बळावर.

सान हुआनच्या शोधात एक दिवस असाही आला की जहाजांच्या यंत्रांवर हातोडीने ठोकल्यासारखे आवाज आले. कवचावर कुणी ठोकत असेल या आशेने घरची माणसं जागी राहिली. ते आवाज पाणबुडीचे नव्हते. समुद्रातल्या प्राण्यांचे होते.

कुर्स्कमध्ये दुसऱ्या स्फोटानंतर करास्योकचा आलेख शांत झाला. पण पाणबुडीच्या शेपटाकडे, नवव्या कप्प्यात, २३ जण जिवंत होते. ते तिथे काही तास होते. कॅप्टन-लेफ्टनंट दिमित्री कोलेस्निकोव्ह यांनी अंधारात, अंदाजाने, त्या सगळ्यांची नावं कागदावर लिहून काढली. कित्येक टनांचा स्फोट अर्ध्या खंडाला कळला होता. या तेवीस माणसांच्या हालचालीने जमीन हलण्याजोगी नव्हती, आणि पाण्यावरच्या माणसांनी शोध सुरू केला तोवर रात्र झाली होती.